वायफायचा पासवर्ड घरच्या माणसानेच बदलावा

धुळ्याचं देवपूर असो की जळगावची गणेश कॉलनी, फायबरचं नवं कनेक्शन घरात येण्याची रीत एकच. नेटवाल्याकडचा मुलगा खांबावरून वायर ओढतो, भिंतीवर राउटरचा पांढरा डबा ठोकतो, मोबाईलवर काहीतरी टाइप करतो आणि विचारतो, "जिभाऊ, पासवर्ड काय ठेवू?" जिभाऊंना दुकान उघडायची घाई असते. "ठेव भो माझा मोबाईल नंबर, सगळ्यांच्या ध्यानात राहीन." तिथून पुढे वर्षानुवर्षं तोच पासवर्ड चालतो. भाडेकरू येतात-जातात, मुलं शिकायला पुण्याला जातात, घरात टीव्ही, कॅमेरा, सोलरचा इन्व्हर्टर असं एकेक यंत्र त्याच वायफायवर चढत जातं. पासवर्डाकडे मात्र कुणी वळून बघत नाही.

ही सवय मोडायला हवी असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही. हातातल्या मोबाईलवर पंधरा-वीस मिनिटांत होणारं काम आहे. पण मोबाईल नंबर पासवर्ड म्हणून का चालत नाही हे आधी नीट कळलं, तरच माणूस ते काम हाती घेतो. म्हणून सुरुवात तिथून करू.

२०२१ साली इडो हूरविच या इस्रायली संशोधकाने तेल अवीव शहरात एक प्रयोग केला. साधी उपकरणं घेऊन तो शहरातून फिरला आणि हवेत पसरलेल्या ५,००० वायफाय नेटवर्कांच्या खुणा त्याने टिपल्या. कुणाच्या घरात तो शिरला नाही, कुणाच्या नेटला जोडला गेला नाही. नंतर प्रयोगशाळेत बसून त्याने त्या खुणांवरून पासवर्ड शोधायला घेतले. साडेतीन हजारांहून अधिक सापडले. म्हणजे दहापैकी सात घरं उघडी पडली. त्यातही सगळ्यात मोठा गठ्ठा मोबाईल नंबरांचा होता, दोन हजारांहून अधिक. तेल अवीवमधले लोकही आपल्या जिभाऊंसारखाच विचार करतात.

इस्रायलचा मोबाईल नंबर ०५ ने सुरू होतो आणि पुढे आठ आकडे येतात. म्हणजे एकूण शक्यता १० कोटी. हूरविचच्या प्रयोगशाळेतलं यंत्र सेकंदाला सुमारे ६८ लाख पासवर्ड तपासून बघत होतं. दहा कोटी शक्यता संपवायला त्याला पंधरा सेकंद पुरेसे होते. आता आपला हिशेब करू. आपला नंबर दहा आकडी, आणि पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे शक्यता झाल्या ४०० कोटी. संख्या मोठी दिसते, पण त्याच यंत्रावर हे काम दहा मिनिटांत आटोपतं. आणि हा हिशेब लांबच्या परक्या माणसाचा आहे. गल्लीतल्या माणसाला कसलंच यंत्र लागत नाही. जिभाऊंचा नंबर त्यांच्या दुकानाच्या पाटीवरच लिहिलेला असतो.

इथे एक शंका साहजिक येते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये तीन-चार वेळा चुकीचा पिन टाकला की खातं बंद होतं, मग वायफायवर कुणी कोट्यवधी वेळा पासवर्ड कसा टाकून बघेल? उत्तर असं की तो तुमच्या डब्यावर काही टाकतच नाही. फोन आणि राउटर एकमेकांना जोडले जाताना खरा पासवर्ड हवेतून कधीच जात नाही. दोघेही पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन त्यावर एक गणिती प्रक्रिया ४,०९६ वेळा करतात आणि त्यातून एक लांबलचक किल्ली तयार करतात. मग दोघे एकमेकांना एकेक नवा आकडा पाठवतात आणि किल्ली न दाखवता ती आपल्याकडे असल्याचा पुरावा देतात. हे बोलणं मात्र हवेतून होतं, आणि ते आसपासच्या कुणालाही टिपता येतं. टिपलेला पुरावा घरी नेऊन तो माणूस आपल्याच यंत्रावर एकेक अंदाज तपासत बसतो. कुठला अंदाज जुळला हे त्याला तिथेच कळतं, तुमच्या राउटरला याचा पत्ताही लागत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तर यापुढची युक्ती उघड झाली. अनेक राउटर अगदी पहिल्याच निरोपात पुरेसा पुरावा देऊन टाकतात, त्यामुळे तुमच्या घरातला फोन जोडला जाण्याची वाटसुद्धा पाहावी लागत नाही. हूरविचने तीच युक्ती वापरली.

म्हणजे सगळा भार पासवर्डावर येतो. तो किती कठीण, एवढाच प्रश्न उरतो.

कठीण म्हणजे लक्षात न राहणारा, असा एक गैरसमज आहे. 'ए'च्या जागी '@' आणि 'ओ'च्या जागी शून्य घातलं की पासवर्ड भक्कम झाला असं लोकांना वाटतं. या अदलाबदली पासवर्ड फोडणाऱ्या यंत्रांना पाठ आहेत. भक्कमपणा येतो तो लांबीतून आणि योगायोगातून. १९९५ साली अर्नोल्ड राइनहोल्ड या अमेरिकन माणसाने सुचवलेली पद्धत आजही उत्तम आहे. ७,७७६ शब्दांची यादी घ्यायची, फासे टाकून तिच्यातले शब्द निवडायचे आणि ते एकापुढे एक ठेवायचे. असे चार शब्द घेतले, तर हूरविचच्या यंत्राला सगळ्या शक्यता संपवायला सतरा वर्षं लागतील. पाच घेतले, तर १ लाख ३२ हजार वर्षं. एका शब्दाने एवढा फरक पडतो.

आपल्याला फाशांची गरज नाही. घरातला शब्दकोश डोळे मिटून पाच ठिकाणी उघडावा आणि बोट पडेल तो शब्द घ्यावा. मनाने शब्द निवडू नयेत. मनाने निवडले की केळी, भरीत, मेहरूण, पांझरा हेच येतात, आणि जळगाव-धुळ्याच्या माणसाच्या मनात काय येईल याचा अंदाज दुसरा जळगाव-धुळ्याचाच माणूस सहज बांधतो. अहिराणी येत असेल तर त्या पाच शब्दांत एखादा 'आंडेर' किंवा 'बठ्ठा' जरूर मिसळावा. असे शब्द परदेशी याद्यांत सहसा नसतात आणि रोमन अक्षरांत ते प्रत्येकजण वेगळे लिहितो. पण तेवढ्यावर विसंबून राहू नये, आणि या लेखात छापलेले शब्द तर मुळीच घेऊ नयेत.

पासवर्ड देवनागरीत ठेवता येत नाही. वायफायच्या नियमाप्रमाणे त्यात इंग्रजी कीबोर्डवरचीच अक्षरं, आकडे आणि चिन्हं चालतात, आणि लांबी ८ ते ६३ अक्षरांची असावी लागते. म्हणून मराठी शब्दच रोमनमध्ये लिहायचे, सगळे लहान लिपीत, मध्ये एकेक आडवी रेघ देऊन. टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर शोधत टाइप करताना ही साधी मांडणी फार उपयोगी पडते. तो कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला काहीच हरकत नाही. कपाटापर्यंत येणारा चोर वायफायसाठी येत नाही. दुकानाच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर मात्र तो लिहू नये.

नेटवर्कचं नावही बदलावं. नाव किल्लीच्या गणितात मिसळलेलं असतं हे वर आलंच आहे. कंपनीने दिलेलं सामान्य नाव असेल, तर त्या नावासाठी आधीच तयार करून ठेवलेल्या याद्या वापरता येतात. नव्या नावात आडनाव, घर नंबर किंवा दुकानाचं नाव नको. काहीजण नाव लपवण्याची सोय वापरतात, पण तिचा उपयोग शून्य. लपवलेलं नाव साध्या उपकरणाला लगेच दिसतं, उलट घरातल्या फोनांनाच जोडायला त्रास होतो.

आतापर्यंत बोललो ते एका कुलपाबद्दल. राउटरला दुसरंही एक कुलूप असतं आणि बहुतेक घरांना ते ठाऊकच नसतं. वायफायचा पासवर्ड नेट वापरायला लागतो. दुसरा पासवर्ड लागतो तो राउटरच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरायला. कारखान्यातून तो अनेकदा 'अ‍ॅडमिन' असा येतो, वापरणाऱ्याचं नावही अ‍ॅडमिन आणि पासवर्डही अ‍ॅडमिन. पहिलं कुलूप कितीही भक्कम केलं, तरी घरच्या वायफायवर आलेला कुठलाही पाहुणा दुसऱ्या दारातून आत जाऊन ते बदलू शकतो.

हे दुसरं दार घराबाहेरूनही उघडलं जातं. २०१६ साली 'मिराई' नावाच्या दुष्ट प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याजवळ मोठी विद्या काही नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या साठ-एक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या, त्या तो प्रत्येक यंत्रावर टाकून बघायचा. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या जुलैत, तसलाच हल्ला भारतात बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर झाला. ज्या मोडेमचा पासवर्ड अ‍ॅडमिनच राहिला होता, ते त्यात सापडले आणि लोकांचं नेट बंद पडलं. बीएसएनएलने तेव्हा ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचं आवाहन केलं होतं.

"पण आमच्या नेटवर येऊन कुणी काय नेणार? थोडा डेटा वापरेल, वापरू दे." हे मी खानदेशात अनेकदा ऐकलं आहे, आणि त्यामागचा मोकळेपणा मला आवडतो. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही ही इथली रीत आहे. पण डेटा हा मुद्दाच नाही. प्रश्न असा की तुमच्या नेटवरून जे केलं जाईल, ते कुणाच्या नावावर लागेल?

महाराष्ट्राने याचं उत्तर २००८ मध्ये पाहिलं. २६ जुलैला अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा ईमेल गेला होता. तपासात तो नवी मुंबईतल्या सानपाडा इथल्या एका फ्लॅटमधल्या इंटरनेटवरून गेल्याचं निघालं. फ्लॅटमध्ये एक अमेरिकन कुटुंब भाड्याने राहत होतं. त्या गृहस्थांची दहशतवादविरोधी पथकाने चौकशी केली. त्यांचा कटाशी संबंध नव्हता, त्यांचं वायफाय दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. पुढे ऑगस्टमध्ये असाच एक ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या नेटवरून आणि दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा, १३ सप्टेंबरचा, ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या नेटवरून गेला. यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधत शहरात फिरण्याची मोहीम जाहीर केली आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सेवा कंपन्यांना सूचना दिल्या.

एवढं भयंकर आपल्या गल्लीत घडेलच असं नाही. पण कुणाला धमकीचा मेसेज, एखाद्या मुलीच्या नावाने खोटं खातं, ऑनलाइन फसवणूक, यातल्या कशाचाही माग कनेक्शनपर्यंत येतो. कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याच्या दारावर आधी थाप पडते. निर्दोष माणूस शेवटी सुटतो, पण मधले दिवस कठीण जातात, आणि लहान शहरात लोकांच्या बोलण्याला तोंड द्यावं लागतं ते वेगळंच.

जुन्या धुळ्याची तर रचनाच अशी आहे की शेजाऱ्याचं वायफाय घरात येणारच. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने १८१९ नंतर पेठ वसवली, सरळ रेषेत गल्ल्या आखल्या, आणि आजही पत्ता गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असाच सांगतात. घराला घर लागून, भिंत सामाईक. फोनवर वायफायची यादी उघडली की डझनभर नावं ओळीने उभी राहतात. जळगावात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, लोक गच्चीवर झोपतात, आणि तिथे मधे भिंतीच नसतात. मोकळ्या हवेत वायफायच्या लहरी दोन-तीन घरं सहज ओलांडतात.

आता प्रत्यक्ष काम. राउटर उलटा करून त्याच्या मागचा स्टिकर पाहा. मोबाईलने त्याचा फोटो काढून ठेवा. त्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता असतो, जिओच्या डब्यावर बहुधा १९२.१६८.२९.१. त्याखाली आत शिरण्याचं नाव आणि पासवर्ड. फोन घरच्या वायफायला जोडा, मोबाईल डेटा थोडा वेळ बंद करा, आणि हा पत्ता ब्राउझरच्या अगदी वरच्या पत्त्याच्या पट्टीत, इंग्रजी आकड्यांत टाइप करा. शोधायच्या चौकटीत टाकला तर नको त्या वेबसाइटी समोर येतात. कधीकधी कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा दिसतो. घरातल्याच राउटरचं पान उघडत असाल तर पुढे जायला हरकत नाही. एअरटेल आणि जिओची त्यांच्या अ‍ॅपमधूनही पासवर्ड बदलण्याची सोय आहे. ती वापरली तर वायफायच्या पासवर्डापुरता हा खटाटोप वाचतो.

स्टिकरवरच्या पासवर्डने पान उघडलं नाही, तर नेटवाल्याने तो बदललेला असतो. त्याला फोन करून विचारा. तुमच्या घरातल्या डब्याचा पासवर्ड विचारण्यात अवघडण्यासारखं काही नाही. मात्र वैतागून मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेटचं बटण दाबू नका. स्थानिक नेटवाल्यांच्या बऱ्याच कनेक्शनांत राउटरमध्ये एक लॉगिन भरलेलं असतं. रीसेट केलं की तेही पुसलं जातं आणि नेटवाला येईपर्यंत घरचं नेट बंद. मुलीची ऑनलाइन परीक्षा असेल तर तो दिवस फार मोठा होतो.

आत गेल्यावर 'वायरलेस' किंवा 'डब्ल्यूलॅन' असं लिहिलेला भाग शोधा, त्यात 'सिक्युरिटी'. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ आणि त्यासोबत एईएस असा ठेवा. डब्ल्यूपीए-३ चा पर्याय दिसत असेल तर फारच चांगलं. २०१८ साली आलेल्या या पद्धतीत टिपलेला पुरावा घरी नेऊन अंदाज बांधता येत नाही, प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावं लागतं. जुने फोन मात्र तिला जोडले जात नाहीत, त्यामुळे दोन्हींचा मिश्र पर्याय असेल तर तो घ्यावा. डब्ल्यूईपी हा पर्याय दिसला तर त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नका, तो २००१ मध्येच मोडला गेला.

पासवर्डाच्या रकान्यात नवा पासवर्ड भरा आणि 'सेव्ह' किंवा 'अप्लाय' करा. त्याच क्षणी तुमच्या फोनचं वायफाय तुटेल. घाबरू नका, बदल झाल्याची ती खूण आहे. फोनमधलं जुनं नेटवर्क 'फरगेट' करून नव्या पासवर्डाने जोडा. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नेटवर्कं देत असेल तर दोन्हींचे पासवर्ड बदलायचे. पुष्कळ घरांत नेटवाल्याचा डबा वेगळा आणि नंतर घेतलेला राउटर वेगळा असतो, आणि दोघेही वायफाय पसरवत असतात. एकाचा बदलला आणि दुसऱ्यावर जिभाऊंचा नंबर तसाच राहिला, तर केलेलं सगळं वाया.

तिथेच असताना 'डब्ल्यूपीएस' बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून फोन जोडण्याची ही सोय आहे. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता असं वाटेल. पण डिसेंबर २०११ मध्ये श्टेफान फीबॉक या ऑस्ट्रियन तरुणाने दाखवलं की राउटर हा पिन दोन तुकड्यांत तपासतो. पहिले चार आकडे बरोबर की चूक हे तो आधीच सांगून टाकतो. शेवटचा आकडा तर बाकीच्यांवरून हिशेबाने निघतो. म्हणजे पहिल्या तुकड्याच्या १०,००० आणि दुसऱ्याच्या १,००० मिळून फक्त ११,००० शक्यता. पासवर्ड पाच शब्दांचा असला तरी या वाटेने तो हाती लागायचा. अनेक नव्या राउटरांनी यावर उपाय केले आहेत, पण जुने डबे आपल्याकडे वर्षानुवर्षं चालतात.

शेवटी 'सिस्टिम' किंवा 'मॅनेजमेंट' या भागात जाऊन अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. हे दुसरं कुलूप. तो वायफायच्या पासवर्डाहून वेगळा ठेवा आणि पाहुण्यांना कधीच देऊ नका.

त्यानंतरचा अर्धा तास यंत्रांचा. टीव्ही, दारावरचा कॅमेरा, प्रिंटर, सोलर इन्व्हर्टरची वीज मोजणारी डबी, सगळ्यांना नवा पासवर्ड द्यावा लागतो. म्हणून हे काम रविवारी दुपारी करावं, रात्री नको. कॅमेरा रात्रभर बंद राहिला हे सकाळी कळण्यात अर्थ नाही. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादीही दिसते. तिच्यात अनोळखी नाव दिसलं तर लगेच संशय घेऊ नये, कारण नवे फोन वायफायला स्वतःचा खरा ओळखक्रमांक न देता बनावट देतात. घरातला एकेक फोन बंद करून यादीतलं कुठलं नाव जातं ते पाहिलं की उलगडा होतो.

मग माणुसकीचं काय? वरच्या खोलीत विद्यापीठात शिकणारी दोन मुलं भाड्याने राहतात, लग्नघरात भुसावळ-चाळीसगावचे पाहुणे उतरतात, शेजारच्या काकूंना नातवाशी व्हिडिओ कॉल करायचा असतो. त्यांच्यासाठी 'गेस्ट नेटवर्क' आहे. बहुतेक नव्या राउटरांत ही सोय असते. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि त्यावरच्या माणसाला तुमचा कॅमेरा, प्रिंटर किंवा राउटरचं पान दिसत नाही. लग्न उरकलं की ते बंद करावं, भाडेकरूने खोली सोडली की गेस्ट नेटवर्कचा पासवर्ड बदलावा. घरच्या यंत्रांना हातही लावावा लागत नाही. गेस्ट नेटवरून झालेल्या गोष्टीही तुमच्याच नावावर लागतात, तेव्हा तेही ओळखीच्या माणसालाच द्यावं. क्यूआर कोड दाखवून फोन जोडून देणं सोपं, पण त्या कोडच्या चित्रात पासवर्ड जसाच्या तसा असतो. त्याचा स्क्रीनशॉट भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये.

आणि राउटर जुना झाला, नेटवाला बदलला, डबा भंगारात किंवा दुसऱ्या कुणाला द्यायची वेळ आली, तेव्हा मात्र टाचणी घेऊन ते बारीक भोकातलं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावं. तुमच्या नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि नेटवाल्याचं लॉगिन तोपर्यंत त्याच्या पोटात तसंच असतं.